आजीचे द्राक्षासव

स्कॉटलंडातील ‘ड्रॅम्बुई’ म्हणजे व्हिस्कीत मध व वनौषधी मिसळून केलेले मद्य. जेवणानंतर घरी ते लहानशा पेल्यातून सावकाश घ्यावयाचे. हे ऐकून नाक मुरडण्यापूर्वी सदाशिव पेठेतले आपलेच फडताळ उघडावे. तेथल्या द्राक्षासवातही मनुका, मध व औषधी असतात! फरक इतकाच, की ड्रॅम्बुईत मद्यार्क व्हिस्कीबरोबर आयता येतो, शेकडा 40. आसवात तो धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आंबून जागीच तयार होतो, शेकडा 5 ते 10. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने अशी औषधेही अडवली होती. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोकळी केली. आमची आजी दोन चमचे आसव तितक्याच पाण्यातून डोळे मिटून घेई. “औषध हो!” म्हणे. चव विचारली, की मात्र गालांत हसे.