राज्य 57 वर्षांचं, किताब 122 वर्षांचा

चौथ्या क्रुसेडच्या फौजांनी 1204 मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि तिथे आपल्यातलाच एक सरदार सम्राट म्हणून बसवला. ही ‘लॅटिन’ बादशाही 1261 पर्यंत, म्हणजे 57 वर्षं टिकली. पुढे 1283 ते 1346 अशी 63 वर्षं कॅथरीन नावाच्या मायलेकी तिच्या सम्राज्ञी म्हणवल्या. साम्राज्याच्या आख्ख्या आयुष्यापेक्षा सहा वर्षं जास्त! त्यातला एक दिवसही कॉन्स्टँटिनोपलच्या एखाद्या गल्लीवर दोघींपैकी कुणाचा हुकूम चालला नाही.

मुळात हे साम्राज्यच कफल्लक. शेवटचा सम्राट दुसरा बाल्डविन याच्या काळात राजवाड्याच्या छपराचं शिसं उतरवून विकलं गेलं. येशूचा म्हणून पुजला जाणारा काटेरी मुकुट 1238 मध्ये 13,134 सुवर्णनाण्यांपायी व्हेनिसच्या सावकाराकडे गहाण पडला होता. फ्रान्सच्या नवव्या लुईने तो मिळवला. त्यापायी त्याने 1,35,000 लिव्र मोजल्याचं सांगतात, आणि तो ठेवायला पॅरिसमध्ये जे सेंत शापेल बांधलं त्याचा खर्च 40,000! पुढे पैशाची तंगी इतकी वाढली की बाल्डविनचा मुलगा फिलिप व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे राहायला गेला, तोही कर्जाला तारण म्हणून. बाप गादीवर आणि युवराज सावकाराच्या घरी.

थोरली कॅथरीन या फिलिपची मुलगी. ती जन्मली 1274 मध्ये, शहर हातचं गेल्याला तेरा वर्षं झाल्यावर. नवव्या वर्षी बाप गेला आणि ती सम्राज्ञी झाली. सातबारा हिच्या नावावर, कब्जा शहराच्या मूळ मालकांचा, म्हणजे बायझंटाईनांचा. पण कब्जेदारालाही त्या कागदाची धास्ती होती: खरा सम्राट दुसरा अँड्रोनिकस याने आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. ते जमलं नाही. 1301 मध्ये ती फ्रान्सच्या राजाचा भाऊ शार्ल द व्हाल्वा याची बायको झाली. मग शार्लने तिच्या हक्काखातर मोहिमेची जुळवाजुळव सुरू केली आणि 1307 मध्ये पोपने अँड्रोनिकसला बहिष्कृत केलं. एवढ्यात कॅथरीन वारली, आणि साम्राज्य चार वर्षांच्या धाकट्या कॅथरीनच्या नावावर चढलं.

मोहीम बारगळली, लग्नाचा बाजार मात्र तेजीत होता. तान्हेपणीच बर्गंडीच्या घराण्यात ठरलेली तिची सोयरीक मोडण्यात आली आणि 1313 मध्ये, दहाव्या वर्षी, तिचं लग्न तारांतोच्या फिलिपशी लागलं. नवरदेव पस्तिशीला टेकलेला आणि बिजवर. किताबासोबत पोर आली, असंच म्हणायचं.

ही पोर मात्र पुढे खमकी निघाली. 1331 मध्ये नवरा गेल्यावर तिने मुलाच्या वतीने ग्रीसमधल्या अकाईया संस्थानाचा कारभार हाती घेतला. 1338 मध्ये ती जातीने तिथे उतरली आणि अडीचेक वर्षं राहिली. आपल्या ‘राजधानी’च्या सर्वांत जवळ ती याच मुक्कामात गेली असावी, तरी मध्ये सरळ रेषेत सातशेच्या आसपास किलोमीटर उरलेच. 1346 मध्ये ती नेपल्समध्ये वारली. तोवर किताब तिच्याकडे येऊन 39 वर्षं झाली होती. प्रत्यक्ष कॉन्स्टँटिनोपलात बसलेल्या लॅटिन सम्राटांत सर्वांत दीर्घ कारकीर्द बाल्डविनची, ती 33 वर्षांची.

तिच्यामागे दोन मुलगे आणि एक नातू ओळीने ‘सम्राट’ झाले. नातू जेम्स 1383 मध्ये गेला, आणि 57 वर्षांच्या साम्राज्याचा किताब परागंदा होऊन तोवर 122 वर्षं उलटली होती.