कोर्लई

कोर्लई : महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील मुरूड तालुक्यातील समुद्रकाठचे एक खेडे व किल्ला. कुंडलिका नदीच्या मुखाशी, खाडीच्या दक्षिण तीरावर, रेवदंड्याच्या समोर हे वसले आहे. समुद्रात घुसलेल्या अरुंद डोंगरावर किल्ला असून त्याच्या पायथ्याशी दीपगृह आहे. गावाला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे ते मात्र किल्ल्यापेक्षा तेथील ख्रिस्ती वस्तीच्या भाषेमुळे. पोर्तुगीज भाषेपासून निपजलेली ही बोली महाराष्ट्रात आज केवळ याच गावी घरात बोलली जाते.

पलीकडचे चौल हे प्राचीन बंदर. सोळाव्या शतकात ते निजामशाहीचे समुद्रद्वार होते व अहमदनगर, दौलताबादसारख्या घाटावरील ठाण्यांचा परदेशाशी व्यापार त्या मार्गाने चाले. १५२१ मध्ये निजामशाहीच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी चौलच्या खालच्या भागात, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, ठाणे बांधण्यास प्रारंभ केला. कोर्लईचा डोंगर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती खाडीचे मुख, हे उभय पक्ष जाणून होते. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने तेथे तटबंदी उभारली; परंतु १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती जिंकून आपलीशी केली. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलला वेढा दिला, तथापि ठाणे पोर्तुगीजांकडेच राहिले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली आणि १७४० च्या तहान्वये चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज अधिकारी व सैनिक गोव्याकडे निघून गेले. त्यांच्या सेवेतील व आश्रयाखालील एतद्देशीय ख्रिस्ती मात्र मागे राहिले.

कोर्लईचे ख्रिस्ती हे पोर्तुगीजांचे वंशज होत, असा समज सर्वत्र आढळतो. तो फारसा ग्राह्य नाही. ही वस्ती मुख्यतः स्थानिक, बहुधा समाजाच्या खालच्या थरांतून धर्मांतरित झालेल्या लोकांची होती. धन्याची भाषा त्यांनी ऐकून, मोडूनतोडून आत्मसात केली व पुढच्या पिढ्यांची ती मातृभाषा झाली. बोलणारे तिला ‘नो लिंग’ (आपली भाषा) म्हणतात. ‘क्रिस्ती’ असेही तिचे एक नाव आहे. शब्दसंग्रह बव्हंशी पोर्तुगीज असला, तरी वाक्याची घडण मराठीकडे झुकलेली आहे. क्रियापद पोर्तुगीजप्रमाणे मध्ये न येता मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस येते. पोर्तुगीज क्रियापदांच्या तीन गणांखेरीज तिच्यात एक चौथा, उकारान्त गण निर्माण झाला असून मराठीतून घेतलेली क्रियापदे त्यात बसविली जातात. परकी क्रियापदे सामावून घेण्यासाठी एखाद्या भाषेने व्याकरणात असे स्वतंत्र दालन उघडावे, ही गोष्ट अभ्यासकांना विशेष लक्षणीय वाटली आहे.

मुंबई, वसई, साष्टी या भागांतही एकेकाळी अशा बोली प्रचलित होत्या. १९०६ मध्ये गोमंतकीय विद्वान सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी त्यांचे वर्णन केले. त्या पुढे लोपल्या; दमणसारख्या ठिकाणी, जेथे पोर्तुगीज राजवट १९६१ पर्यंत होती, तेथील बोली टिकली. कोर्लईत ही राजवट सव्वादोनशे वर्षे आधीच गेली, तरीही बोली उरली, हे कोडेच आहे. वसईकडील सामवेदी ख्रिस्तींनी धर्म बदलल्यावरही आपली मूळ मराठी बोली सोडली नाही, कारण जुन्या एकसंध शेतकरी समाजाची ती बोली होती. कोर्लईच्या लोकांजवळ तशी सामाईक बोली नसावी. शिवाय धर्मामुळे ते भोवतालच्या हिंदू व मुसलमान गावकऱ्यांपासून वेगळे पडले, विवाहसंबंध आपसांतच होत राहिले आणि वसईकडील मोठा ख्रिस्ती समाजही दूर होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चर्चमधील धर्मगुरूंमुळे पोर्तुगीजशी थोडासा संपर्क राहिला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लोकभाषांत उपासना होऊ लागली, तेव्हा कोर्लईच्या चर्चमध्ये मराठी आली. लोकांची घरातली भाषा मात्र उपासनेची भाषा झाली नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या बोलीचे भाषिक सुमारे आठशे ते हजार होते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्या घडणीवर १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलीला स्वतःची लिपी नाही आणि मुले मराठीतून शिकतात. पूर्वी रेवदंड्यास जायचे म्हणजे होडीने खाडी ओलांडावी लागे. आता साळाव–रेवदंडा पुलामुळे अलिबाग व मुंबईशी दळणवळण सुलभ झाले आहे. कामानिमित्त बाहेर राहणाऱ्यांच्या घरांत मराठी किंवा इंग्रजी शिरते. ज्या एकाकीपणाने ही बोली जपली, त्याचा भार गावकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या सोसला होता. पूल, शाळा व रोजगार त्यांना हवेच होते. बोली मुलांना शिकवावी की नाही, हा निर्णय आज प्रत्येक घरात वेगवेगळा घेतला जातो.