विश्लेषण : तोफगोळे भरणाऱ्या तरुणींची त्वचा पिवळी का पडत होती? काय आहे ब्रिटनच्या ‘कॅनरी गर्ल्स’ची कहाणी?

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये काही तरुणी रस्त्यात चटकन ओळखू येत. चेहरा आणि हात पिवळे, टोपीबाहेर राहिलेले केस केशरी. पिवळ्या कॅनरी पक्ष्यावरून लोक त्यांना ‘कॅनरी गर्ल्स’ म्हणू लागले. हा रंग होता तोफगोळ्यांत भरल्या जाणाऱ्या ‘टीएनटी’ या स्फोटकाचा. अनेकींसाठी तो केवळ डाग ठरला, तर काहींसाठी मृत्यूची पूर्वसूचना.

कारखान्यांत महिला का आल्या?

१९१५ मध्ये आघाडीवर ब्रिटिश तोफखान्याला गोळे कमी पडू लागले. मे महिन्यात वृत्तपत्रांतून हे उघड होताच मोठा राजकीय गदारोळ झाला. त्यानंतर दारूगोळ्यासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले आणि डेव्हिड लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. पुरुष सैन्यात गेल्याने नव्या कारखान्यांत महिलांची भरती झाली. युद्ध संपेपर्यंत दारूगोळा उद्योगातील महिलांची संख्या नऊ लाखांवर गेली होती. घरकामापेक्षा इथे पैसे जास्त मिळत, पण पुरुषांच्या बरोबरीने नाही.

त्वचा पिवळी कशामुळे?

गोळ्यांत टीएनटी भरताना त्याची धूळ हवेत उडे आणि वाफही पसरे. ती त्वचेवर बसे आणि श्वासातूनही शरीरात जाई. यात दोन वेगळ्या गोष्टी घडत. एक म्हणजे त्वचेला आणि केसांना लागलेला रंग. काम सुटल्यावर तो हळूहळू निघून जाई. दुसरी जास्त घातक होती. टीएनटीमुळे यकृताला इजा होऊन विषारी कावीळ होई. वरून दोन्ही पिवळेच दिसत असल्याने आजार वेळीच ओळखणे अवघड होते. काही गर्भवती कामगारांची बाळेही पिवळसर त्वचेची जन्मली.

१९१६ मध्ये या काविळीची सरकारकडे नोंद करणे बंधनकारक झाले. १९१६ ते १९१८ या तीन वर्षांत सुमारे ४०० रुग्णांची नोंद झाली आणि त्यातील १००हून अधिक दगावले. हवा खेळती ठेवणे, स्फोटकाला थेट हात लागू न देणे, आलटून पालटून दुसरे काम देणे आणि डॉक्टरी तपासणी हे उपाय झाले. १९१८ मध्ये रुग्णसंख्या झपाट्याने घटली. म्हणजेच हा आजार टाळता येण्यासारखा होता.

स्फोटाचा धोका किती?

एक ठिणगीही पुरेशी होती. त्यामुळे केसांच्या पिना, दागिने, आगपेटी आत नेण्यास बंदी होती. तरीही अपघात झालेच. ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री लीड्सजवळील बार्नबो कारखान्यात गोळ्यांना फ्यूज बसवण्याचे काम सुरू असताना स्फोट होऊन ३५ महिला ठार झाल्या. युद्धकालीन निर्बंधांमुळे त्याची माहिती तेव्हा दडवली गेली. १९ जानेवारी १९१७ रोजी पूर्व लंडनमधील सिल्व्हरटाऊनमध्ये सुमारे ५० टन टीएनटीचा स्फोट झाला. त्यात ७३ जणांचा बळी गेला आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. नॉटिंगहॅमजवळील चिलवेल येथे १ जुलै १९१८ रोजी १३० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यातील बहुतेकांची ओळखही पटवता आली नाही.

मताधिकार मिळाला, पण कोणाला?

युद्धातील कामामुळे ब्रिटनमध्ये महिलांना मताधिकार मिळाला, असे सरसकट सांगितले जाते. मात्र १९१८ च्या कायद्यात महिलांसाठी किमान वय ३० होते, शिवाय मालमत्तेशी निगडित अटीही होत्या. पुरुषांना तो २१ व्या वर्षीच मिळाला. दारूगोळा कारखान्यांतील असंख्य कामगार विशी-पंचविशीच्या असल्याने त्या यादीबाहेरच राहिल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबल्यावर मोठ्या संख्येने त्यांचे कामही गेले.

महिलांनाही पुरुषांप्रमाणे २१ व्या वर्षी मताधिकार मिळाला तो १९२८ मध्ये. १९१६ मध्ये अठरा वर्षांची असताना गोळे भरणारी मुलगी तोपर्यंत तिशीला पोहोचली होती. तिच्यापुरती ही सवलत उशिराच आली.