गोल, टार्गेट आणि मकसद

गेल्या महिन्यात दहावीच्या इंग्रजीच्या तासाला आम्ही फळ्यावर 'माय गोल' असा विषय लिहिला आणि दहा ओळी लिहायला सांगितल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने वहीत मोठे वर्तुळ काढले, त्यात ९० टक्के असे लिहिले आणि वही मिटून बसला. वर्ग हसला, आम्हीही हसलो. मधल्या सुट्टीत विचारले तर म्हणाला, "सर, घरी सगळे तेवढंच सांगतात. अब्बा म्हणतात, टार्गेट नव्वद. त्याच्यापुढे काय लिहू?"

हे ऐकून आम्ही त्या संध्याकाळी शब्दकोश काढून बसलो.

मराठीतला 'गोल' म्हणजे वाटोळा. इंग्रजीतल्या गोलशी त्याचे काही नाते नाही. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाविषयी तिकडच्या कोशकारांचेही एकमत नाही. चौदाव्या शतकात तो हद्द, सीमा या अर्थाने लिहिलेला सापडतो. सोळाव्या शतकात धावण्याच्या शर्यतीत जिथे थांबायचे ती जागा आणि चेंडूच्या खेळातली खांबांची जागा असे अर्थ आले. आयुष्यात गाठायची गोष्ट हा अर्थ मागाहूनचा.

'टार्गेट'ची गोष्ट याहून मजेची. जुन्या फ्रेंच भाषेत 'टार्ज' म्हणजे ढाल, आणि टार्गेट म्हणजे छोटी ढाल. अठराव्या शतकात तिरंदाजीच्या सरावासाठी उभ्या केलेल्या ढालीसारख्या वाटोळ्या निशाण्याला हेच नाव पडले. महिन्याला इतकी विक्री, परीक्षेत इतके गुण, हा आकड्याचा अर्थ तर अगदी विसाव्या शतकातला. जी वस्तू वार अडवण्यासाठी हातात धरायची, तिच्यावरच लोक नेम धरू लागले. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीतले ते वर्तुळ आता पुन्हा डोळ्यांसमोर आले, आणि या वेळी हसू आले नाही.

आपल्या घरात याच कामासाठी 'मकसद' हा शब्द आहे. अरबीत 'कस्द' म्हणजे रोख धरून निघणे, मनाशी ठरवणे. मकसद म्हणजे जिकडे निघालो ती जागा. त्यात आकडा नाही, वाट आहे. रोजाची नियत करतो तीही मनातच. तिला कोणी गुण देत नाही.

'मतलब'ही असाच. त्याच्या मुळाशी 'तलब' आहे, म्हणजे शोध, ओढ. त्याच मुळातून तालिब आला आणि तालिब-ए-इल्म, म्हणजे इल्म शोधणारा. आता संस्कृतकडे पाहा. 'अर्थी' म्हणजे इच्छा धरणारा आणि विद्यार्थी म्हणजे विद्येची इच्छा धरणारा. दोन वेगळ्या भाषांनी शाळेतल्या मुलाला जवळजवळ एकच नाव दिले. इतकी वर्षे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवूनही हे आमच्या ध्यानात आले नव्हते, हे कबूल करायला हवे.

बी.एड.ला पाठाच्या टाचणात आम्ही ज्ञान, आकलन, उपयोजन अशी उद्दिष्टे रोज लिहायचो. कोणत्या मुलाला कशाची तलब आहे, यासाठी त्या टाचणात रकाना नव्हता.

शनिवारी त्या मुलाचे अब्बा भेटायला आले. आम्ही विचारले, "भाईसाहब, मुलाला पुढे काय करायचं आहे?" ते थोडे थांबून म्हणाले, "सर, आम्ही कमी शिकलो. त्याचे हाल आमच्यासारखे होऊ नयेत, एवढंच. बाकी कधी विचारलं नाही." या माणसाला काय ऐकवणार? नव्वद हा आकडा त्यांना ढालच वाटत होता.

मुलाला पुन्हा वही दिली. या वेळी साडेसहा ओळी आल्या. शेजाऱ्यांचे बिघडलेले मिक्सर तो उघडून दुरुस्त करतो, जळालेल्या मोटारीचे वायंडिंग त्याला शिकायचे आहे, आणि ते अब्बांना अजून सांगितलेले नाही. त्याच्या परवानगीने आम्ही ती वही अब्बांपुढे ठेवली. एका मुलीने त्यांना ती मराठीत समजावून सांगितली. त्यांनी टेबलापाशी उभ्याउभ्याच ऐकले आणि विचारले, "याचा कोर्स किती वर्षांचा असतो?"

आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा, असे आम्ही सांगितले. त्यांनी ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतले.