दिंडोशीचा सर्व्हर पुण्यापर्यंत कसा पोहोचतो

दिंडोशीत जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाच्या परिसरात आयटी कार्यालयांच्या इमारती आहेत. त्यांपैकी एखाद्या कार्यालयाची दुसरी शाखा पुण्यात आहे असे समजू. दिंडोशीच्या सर्व्हरांसाठी १०.२०.३०.०/२४ हा सबनेट, तर पुण्यासाठी १०.४०.०.०/१६. रोज रात्री १०.२०.३०.१५ हा सर्व्हर आपला बॅकअप पुण्यातील १०.४०.५.८ कडे पाठवतो. पत्ते उदाहरणादाखल घेतले आहेत, पण अशी मांडणी अनेक कार्यालयांत आढळते.

सबनेट

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. ‘/२४’ म्हणजे त्यातील पहिले २४ बिट नेटवर्कचे. उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते बसतात. पहिला पत्ता नेटवर्कची ओळख म्हणून आणि शेवटचा सर्वांना एकाच वेळी संदेश देण्यासाठी राखीव असल्याने उपकरणांच्या वाट्याला २५४ येतात. समोरचा पत्ता याच सबनेटमधला असेल, तर राउटरची गरज नसते; पॅकेट स्विचमधून थेट जाते. येथे /२४ ऐवजी मास्क चुकून /८ दिला गेला, तर १० ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता सर्व्हरला शेजारचा वाटू लागतो. मग पुण्यासाठी वेगळा मार्ग लिहिलेला नसेल, तर पुण्याच्या यंत्राचा शोध तो दिंडोशीच्याच स्विचवर घेत राहतो आणि उत्तर कधीच येत नाही.

राउटिंग टेबल

सबनेटबाहेर कसे जायचे, हे प्रत्येक सर्व्हरच्या राउटिंग टेबलात लिहिलेले असते. लिनक्सवर ‘आयपी राउट’ ही कमांड दिली की ते दिसते. आपल्या सर्व्हरच्या टेबलात तीन नोंदी पुरतात: १०.२०.३०.०/२४ थेट; १०.४०.०.०/१६ साठी १०.२०.३०.२, म्हणजे पुण्याच्या लाइनचा राउटर; आणि बाकी सगळ्यासाठी १०.२०.३०.१, म्हणजे फायरवॉल. ही शेवटची नोंद म्हणजे डीफॉल्ट राउट. एकाच पत्त्याला एकाहून अधिक नोंदी लागू पडल्या, तर ज्या नोंदीचे अधिक बिट जुळतात ती निवडली जाते. डीफॉल्टचे शून्य बिट, पुण्याच्या नोंदीचे सोळा, म्हणून बॅकअप १०.२०.३०.२ कडे (पुढे नुसते .२) जातो.

सर्व्हरला पुण्यापर्यंतचा संपूर्ण रस्ता ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असते ती फक्त पुढची पायरी, आणि ती त्याच्याच सबनेटमध्ये असावी लागते. एआरपीच्या मदतीने तो .२ चा हार्डवेअर पत्ता मिळवतो आणि पॅकेट त्या पत्त्यावर सोपवतो. पॅकेटवरचा आयपी पत्ता मात्र पुण्याचाच राहतो. पुढे प्रत्येक राउटर आपापले टेबल पाहून हेच करतो.

परतीचा मार्ग

नवख्या प्रशासकाचा बराच वेळ खाणारी बाब म्हणजे परतीचा मार्ग. जाणे आणि येणे हे दोन स्वतंत्र निर्णय असतात. १०.२०.३०.०/२४ कडे जाणारी नोंद पुण्यात नसेल, तर पॅकेट तेथे नीट पोहोचते, पण उत्तर भलतीकडे जाते.

याहून फसवा प्रकार म्हणजे दिंडोशीच्या सर्व्हरवर पुण्याची नोंदच नसणे. तेव्हा पॅकेट डीफॉल्टप्रमाणे फायरवॉलकडे जाते, फायरवॉल ते .२ कडे वळवते आणि पॅकेट पुण्याला पोहोचते. उत्तर .२ वर आल्यावर मात्र तो राउटर ते थेट सर्व्हरला देतो, कारण दोघे एकाच सबनेटमध्ये आहेत. फायरवॉलला संभाषणाची एकच बाजू दिसते. टीसीपी जोडणीची पहिली विनंती तिने पाहिलेली असते, पुण्याची संमती पाहिलेली नसते. म्हणून सर्व्हरचे पुढचे पॅकेट ती टाकून देते. पिंग व्यवस्थित चालते, बॅकअप सुरू होत नाही. फायरवॉलचे नियम तासन्‌तास तपासूनही कारण सापडत नाही, कारण दोष नियमांत नसून सर्व्हरवर न लिहिलेल्या एका ओळीत असतो. पुण्याच्या लाइनचा राउटर सर्व्हरांच्या सबनेटमध्ये न ठेवता फायरवॉलच्या पलीकडे स्वतंत्र सबनेटमध्ये ठेवणे, हा त्यावरचा अधिक टिकाऊ उपाय.

इंटरनेटकडे

१० ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराच्या गटांत मोडतात. हे गट १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये नमूद आहेत. इंटरनेटवर त्यांना मार्ग नसतो. म्हणून बाहेर पडताना फायरवॉल त्यांच्या जागी सार्वजनिक पत्ता घालते. सेवादात्यांमध्ये मार्गांची देवाणघेवाण बीजीपी या पद्धतीने होते. देशांतर्गत वाहतूक परदेशी वळसा न घेता देशातच राहावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. तिचे एक केंद्र मुंबईत आहे. परदेशी वाहतुकीसाठीच्या काही समुद्री केबल दिंडोशीपासून काही किलोमीटरवर, वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात.

अधिक जुळणाऱ्या नोंदीचा नियम येथेही तोच. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या २०८.६५.१५२.०/२२ या गटातील २०८.६५.१५३.०/२४ हा तुकडा आपला म्हणून जाहीर केला. देशापुरती अभिप्रेत असलेली ती नोंद बाहेर पसरली. /२४ ही /२२ पेक्षा नेमकी असल्याने जगभरातील राउटरांनी तीच मानली आणि यूट्यूब सुमारे दोन तास अनेकांना मिळेनासे झाले. यूट्यूबनेही आधी /२४ आणि मग त्याहून नेमके /२५ मार्ग जाहीर करून वाहतूक परत खेचली.

मर्यादा

हाताने लिहिलेली नोंद स्थिर असते. पुण्याची लाइन .२ च्या पलीकडे तुटली, तरी सर्व्हर पॅकेट .२ कडेच धाडत राहतो. राउटरांमध्ये ओएसपीएफसारखी पद्धत असेल, तर पर्यायी लाइन आपोआप निवडली जाते. पुढच्या पायरीचा राउटरच बंद पडण्याची भीती असेल, तर व्हीआरआरपीने दोन राउटर एकच पत्ता सांभाळतात. तरीही चुकीची नोंद शोधायला माणूसच लागतो. ‘आयपी राउट गेट’ या कमांडपुढे समोरचा पत्ता लिहिला की सर्व्हर कोणती पायरी निवडेल ते कळते. ही कमांड दिंडोशीत आणि पुण्यात, दोन्हीकडे चालवून पाहावी लागते.