न दिलेली हवा

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. वजनात मोजलं, तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे जवळपास पंधरा भाग. टाकीत काय ओतलं याचा हिशेब आपण पैशापर्यंत ठेवतो, पण इंजिन जगतं ते मुख्यतः हवेवर. जुन्या स्कूटरमध्ये ही हवा आणि पेट्रोल एकमेकांच्या प्रमाणात देण्याचं काम मुठीएवढा धातूचा ठोकळा करतो, तो कार्बोरेटर. त्याला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही. नळी मध्येच अरुंद केली की तिथून जाणारी हवा वेग घेते आणि तिचा दाब उतरतो. इटलीच्या व्हेंतुरीनं १७९७ साली मांडलेली ही गोष्ट. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर बाहेरच्या वातावरणाचा दाब असतोच, तो पेट्रोलला त्या अरुंद गळ्याकडे ढकलतो. आपल्याला वाटतं इंजिन पेट्रोल ओढतंय, प्रत्यक्षात आकाश ते आत ढकलत असतं!

साताऱ्याला हे यंत्र चांगलं ओळखीचं आहे. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ रस्त्यावर आली. इटालियन व्हेस्पाच्या घराण्यातली दीडशे सीसीची टू-स्ट्रोक स्कूटर, चेतकची सख्खी बहीण. सातारा-सांगली भागात अजूनही कुणी ना कुणी ती जपून चालवतं. अशा गाडीची एक तक्रार हमखास ऐकू येते: मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन खाली येत नाही, गाडी उभ्या उभ्या रेस होते.

गंमत अशी, की मूठ सोडल्यावर कार्बोरेटरचा मुख्य गळा जवळजवळ कामाचाच राहत नाही. हवेची वाट उघडणारी-झाकणारी स्लाइड खाली आलेली असते, हवा इतकी थोडी जाते की व्हेंतुरीचा परिणाम दिसेनासा होतो. मग गाडी चालते कशावर? त्याच ठोकळ्यात एक वेगळी, चिमुकली वाट कोरलेली असते. बंद स्लाइडच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला, जिथे दाब खूप उतरलेला असतो, तिथे एक बारीक भोक उघडतं. त्या वाटेवरच्या पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलीमीटरहूनही लहान. त्यातून येणाऱ्या पेट्रोलवर टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा वेळा, धडधडत राहतं. इतका नाजूक तोल असेल, तर सुईच्या टोकाएवढ्या फटीतून आलेली हवासुद्धा तो बिघडवणारच. मेकॅनिक अचूक शब्दांत सांगतात, ‘इंजिन एअर घेतंय.’

म्हणून आयडल, म्हणजे मूठ सोडल्यावरचं इंजिनचं चालणं, वाढलं की पहिल्यांदा रेसचा स्क्रू फिरवायचा, ही सवय मला पटत नाही. स्क्रूनं आवाज उतरतो, हवा जिथून शिरते ती फट तशीच राहते. आणि टू-स्ट्रोकमध्ये हे धोक्याचं आहे, कारण इंजिनचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, की इंजिन तापतं आणि त्याच वेळी वंगणही घटतं. पिस्टन जाम होतो तो असा.

तपास मुठीपासून सुरू करावा. गाडी न्यूट्रलला, स्टँडवर, मोकळ्या जागेत. हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा. तेवढ्यानं आवाज चढ-उतार झाला, तर दोष अ‍ॅक्सिलरेटर केबलचा: ती ताणली गेली आहे किंवा आत सुकून अडकते आहे. मूठ सोडल्यावर केबलला किंचित ढील हवीच. केबल निर्दोष असेल तर चोक ओढून बघा. एरवी चोकनं गरम इंजिन गुदमरायला हवं. उलट ते खाली येऊन शांत चालू लागलं, तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा हवा जास्त. तिसरी परीक्षा मला सगळ्यात विलक्षण वाटते. फिल्टर काढून कार्बोरेटरचं तोंड झाका. इंजिन बंद पडलं पाहिजे. तरीही ते चालत राहिलं, तर ते दुसऱ्या दारानं श्वास घेतंय, आणि ते दार शोधायचंय.

बहुतेकदा ते कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगपाशी सापडतं. बोल्ट जीव खाऊन आवळले, की कार्बोरेटरचा मऊ धातूचा तळ वाकतो. सपाट काचेवर ठेवून पाहिलं तर तो डुगडुगताना दिसतो. मग कितीही नवं पॅकिंग घाला, फट राहते. तिथे नसेल, तर मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील. टू-स्ट्रोकचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, त्यामुळे तिथला दाब दर फेरीत वर-खाली होतो, आणि कडक झालेल्या रबराच्या ओठातून हवा आत घुसते. क्लचच्या बाजूचं सील गेलं, तर हवेऐवजी गिअर ऑइल ओढलं जातं. तेव्हा सायलेन्सर पांढरा धूर ओकतो. अशी फट शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल मात्र कधीही शिंपडू नये.

सांगलीत या गोष्टीला पुराची बाजूही आहे. २००५ आणि २०१९ साली कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. गाडी अशा पाण्यात बुडाली, की टाकी आणि कार्बोरेटर धुऊनही पायलट जेटमध्ये गाळाचा कण उरू शकतो. गाडी आयडलला बंद पडते म्हणून मालक स्क्रू आवळतो, स्लाइड उचलली जाते, आणि इंजिन तापलं की तीच गाडी रेस होऊ लागते. जेट हवेच्या दाबानं साफ करावं. तार घातली तर छिद्र मोठं होतं आणि मूळ माप कायमचं जातं.

कधी कधी दोष गाडीत नसतोच. ते पाहायला आता महाबळेश्वरहून कृष्णेबरोबर खाली येऊ. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, सांगली साडेपाचशेच्या आसपास. तापमान सारखं धरलं, तर सांगलीची हवा नऊ-दहा टक्के दाट. वर विरळ हवेत बसवलेली गाडी कृष्णाकाठी आली, की त्याच स्लाइडखालून जास्त हवा जाते, मिश्रण किंचित पातळ होतं आणि आयडल चढतं. काहीही न बिघडता! भर उन्हात सांगलीची तापलेली हवा पुन्हा विरळ होते आणि हा फरक बराचसा पुसून जातो. डोंगराची उंची आणि दुपारचं ऊन, दोन्हींची नोंद हा मुका ठोकळा घेत असतो.

केबल मोकळी, जेट साफ, पॅकिंग आणि सील घट्ट झाल्यावरच स्क्रूकडे वळायचं. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून गरम करायची, कारण थंड इंजिनवर लावलेलं आयडल गरम झाल्यावर चढतं. मिश्रणाच्या स्क्रूची मूळ जागा खूण करून ठेवायची. काही कार्बोरेटरमध्ये तो उघडल्यावर हवा वाढते, काहींत पेट्रोल. मग पाव-पाव फेरी फिरवत, प्रत्येक वेळी थोडं थांबून, आवाज सर्वांत एकसारखा कुठे येतो ते ऐकायचं, आणि रेसचा स्क्रू तिथून खाली आणायचा.