परदेशी जाताना विमा : आधी खरं सांगू या

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटणार नाही, पण शेवटी आपण तिथेच पोचणार आहोत. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी, कल्याणला काळ्या तलावावर, डोंबिवलीत फडके रोडवर संध्याकाळी फिरणाऱ्या आपल्या वयाच्या अनेकांची मुलं परदेशात आहेत. व्हिसा झाला, तिकीट निघालं, की एकमेकांना विचारणं सुरू होतं : "विमा कुणाचा स्वस्त?" आमचं म्हणणं असं, की हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारावा.

पहिला प्रश्न वेगळा आहे. कोणतं नुकसान आपल्याला सोसेल आणि कोणतं सोसणार नाही? बॅग हरवली तर चार कपडे विकत घेता येतात. परक्या देशात हृदयविकाराचा झटका आला, तर काही दिवसांच्या बिलात निवृत्तीची पुंजी संपू शकते. म्हणून आधी वैद्यकीय खर्चाची रक्कम बघावी, बॅग आणि विमानाचा उशीर नंतर. शेंगेन देशांच्या व्हिसाला किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं लागतं. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अटच नाही. अट नाही म्हणजे गरज नाही, असा अर्थ आपल्यातले काहीजण काढतात. पण उपचार फार महाग आहेत ते तिथेच, आणि तिथल्या ज्येष्ठांची मेडिकेअर योजना आपल्यासारख्या पाहुण्यांना लागू होत नाही.

मोठी रक्कम दिसली म्हणून लगेच खूश होऊ नये. साठी ओलांडलेल्यांसाठी अनेक पॉलिसींत पोटमर्यादा असतात. वर एकूण आकडा मोठा, पण आत शस्त्रक्रियेला इतकेच, खोलीभाड्याला इतकेच. दुसरी गोष्ट डिडक्टिबल, म्हणजे बिलातला पहिला ठरावीक भाग आपल्या खिशातून. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आधीपासूनचे आजार. काही पॉलिसी ते पूर्ण वगळतात. काही फक्त जिवावर बेतलं तर, प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च देतात. हे कलम माहितीपत्रकात नव्हे, पॉलिसीच्या मजकुरात वाचावं.

आता मूळ मुद्दा. अर्ज बहुधा मुलं भरतात, तेही ऑनलाइन, घाईत. "काही आजार आहे का?" इथे "नाही"वर खूण होते. आमच्याही घरी झाली होती. रक्तदाबाची गोळी आम्ही इतकी वर्षं घेतोय, की तो आजार आहे हे घरातले विसरूनच गेले होते! आम्ही ती खूण बदलायला लावली. हप्ता वाढला, पण झोप शांत लागली.

विम्याच्या करारात एका बाजूला सगळं माहीत असतं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आपलं शरीर आपल्यालाच ठाऊक. म्हणून इंग्लंडमध्ये १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी एका निकालात परम सद्भावाचं तत्त्व मांडलं : महत्त्वाची गोष्ट लपवायची नाही. आणि हे बंधन विमा देणाऱ्यावरही आहे, असं त्यांनी त्याच वेळी सांगितलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. २००९ सालच्या निकालात मेडिक्लेम घेणाऱ्याने जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार सांगितला नव्हता. तो गेल्यावर पत्नीने दावा केला. न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. दुसरा निकाल डिसेंबर २०२१चा, थेट परदेश प्रवासाच्या विम्याचा. एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले होते. त्यांनी मधुमेह आधीच सांगितला होता, वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांची प्रकृती बिघडली आणि पुढे हृदयात स्टेंट बसवावे लागले. कंपनीने दावा फेटाळला, राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र म्हटलं, की सांगितलेला आजार जोखून पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराचं कारण पुढे करून पैसे नाकारता येत नाहीत. मधुमेह दोघांनाही होता. एकाने तो सांगितला होता, आणि त्या एका गोष्टीने शेवटी त्याला तारलं.

म्हणून चार कामं करू या. अर्ज आपण स्वतः वाचायचा आणि त्याची प्रत ठेवायची. औषधांची मूळ नावं कागदावर लिहून पासपोर्टबरोबर ठेवायची. मदतकेंद्राचा क्रमांक मुलांच्याही फोनमध्ये असू द्यायचा आणि दाखल होताना, शक्य तितक्या लवकर, त्यांना कळवायचं. दावा नाकारलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचं. त्यांचं केंद्र आता ठाण्यातही आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात.

या सगळ्यानंतर "स्वस्त कुणाचा?" हे खुशाल विचारा. तोवर उरलेल्या पॉलिसी दोन-तीनच असतील. प्रश्न असतील तर पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.